छतावरचे पाणी आपले, नळावरचा हक्कही आपलाच

२० मार्चला समाज हजारोंच्या संख्येने महाडला जाऊन आला. पाठोपाठ १४ एप्रिलची जयंतीही गावोगावी उत्साहात पार पडली. चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळीत पाणी घेताना आजही अंगावर काटा येतो. परंतु त्याच महाडहून परतलेल्या आमच्या आया-बहिणी दुसऱ्या दिवशी पहाटे हंडे घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या राहतात, त्याचे काय? १९२७ साली परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला पाण्याचा हक्क मिळवून दिला. आज प्रश्न असा आहे की तो हक्क एप्रिल-मे महिन्यात आपल्या रांजणापर्यंत का पोहोचत नाही, आणि तो पोहोचेपर्यंत आपण काय करायचे?

इतिहास थोडक्यात पाहू, कारण पुढच्या मुद्द्याशी त्याचा संबंध आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या अथवा सांभाळलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर हक्क मिळाला. प्रत्यक्षात पाण्याला हात लावण्याची कुणाची छाती झाली नाही, म्हणून तर १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. सत्याग्रहानंतर सनातन्यांनी कोर्टात दावा लावला. त्यांचे म्हणणे काय होते? तर तळे खासगी आहे! हा दावा बाबासाहेब दहा वर्षे लढले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. वकील म्हणून मला या प्रकरणातला ‘खासगी’ हा शब्द कायम लक्षात राहतो. सार्वजनिक पाणी नाकारायचे असेल तर ते आधी खासगी ठरवायचे, ही युक्ती तेव्हाही होती आणि आजही आहे.

पुढे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आला. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने नळ आणि पाणवठ्यावरची आडकाठी गुन्हा ठरवली. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानेही पाणी दूषित करणे आणि अडवणे यासाठी शिक्षा सांगितली. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली, सामाजिक-आर्थिक बहिष्कारही त्या कायद्याच्या कक्षेत आणला. कर्नाटकातल्या अप्पा बाळू इंगळे प्रकरणात बोअरवेलचे पाणी भरू न देणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये दोषी ठरवले. कायदा कमी नाही. पण कायदा हंड्यात पाणी ओतत नाही. एफआयआर, तपास, दोषारोपपत्र, तारखा. घशाची कोरड इतकी वाट पाहत नसते.

आता आजचे चित्र पाहा. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन जाहीर झाले. प्रत्येक ग्रामीण घराला नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी असे उद्दिष्ट ठरले. २०२४ ची मुदत टळली, मग ती २०२८ पर्यंत वाढवण्यात आली. नळ लागले हे मान्य केले पाहिजे. आमच्या भागात वस्तीवस्तीत निळे पाईप आले, तोट्या बसल्या, फोटो निघाले. परंतु जलकुंभ गावाच्या वरच्या अंगाला आणि आपली वस्ती पाईपलाईनच्या शेवटच्या टोकाला, ही रचना बदलली नाही. वरच्या आळीत मोटारी लावून पाणी ओढले जाते आणि शेपटाला हवा येते. प्रादेशिक योजनेचे पाणी आठ-दहा दिवसांआड आले तर त्यातला अर्धा तास वस्तीच्या वाट्याला येतो. यात कुणी जात उच्चारत नाही, कुणी हात धरत नाही. फक्त उतार आणि व्हॉल्व्हची चावी आपले काम चोख करतात.

या चावीचे एक प्रकरण मी स्वतः हाताळले आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण ते प्रकरण अजून कोर्टात आहे. जयंतीच्या मिरवणुकीवरून वाद झाला, आपल्या तीन पोरांना मारहाण झाली, फिर्याद दिली गेली. दुसऱ्या दिवसापासून वस्तीकडचा व्हॉल्व्ह उघडेना. विचारायला गेले की एक दिवस मोटार जळालेली असायची, दुसऱ्या दिवशी पाईप फुटलेला असायचा, तिसऱ्या दिवशी माणूस सुट्टीवर. कोणीही ‘बहिष्कार’ हा शब्द वापरला नाही. पाचव्या दिवशी निरोप आला, ‘आपसात मिटवून घ्या, गावात राहायचे आहे.’ अशा वेळी फिर्यादी मागे का फिरतात हे शहरात बसून समजत नाही. लेकरू पाणी मागते तेव्हा कलम आणि पोटकलम आठवत नाही. त्या वस्तीत एका निवृत्त शिक्षकांच्या घरी पत्र्यावरचे पावसाचे पाणी साठवलेली पाच हजार लिटरची टाकी होती. गुरुजींनी कुलूप उघडले आणि बावीस घरांना रोज घरटी एक हंडा दिला. एका हंड्यात पंधरा लिटर धरा. बावीस घरांना रोज तीनशे तीस लिटर. नऊ दिवस असे चालले. दहाव्या दिवशी तहसीलदारांपर्यंत लेखी तक्रारी गेल्या, वर्तमानपत्रात बातमी आली आणि व्हॉल्व्ह आपोआप दुरुस्त झाला. फिर्याद मागे गेली नाही.

माझ्या मते अत्याचाराचा खटला पहिल्या आठवड्यातच जिंकला वा हरला जातो, आणि तो पुष्कळदा रांजणापाशी जिंकला वा हरला जातो. म्हणून छतावरच्या पाण्याची टाकी हा विषय मी चळवळीच्या पानावर मांडतो आहे. एरवी तो कृषी किंवा गृहसजावटीच्या पुरवणीत जायचा.

यावर आपल्यातलेच काही जाणते कार्यकर्ते आक्षेप घेतात. त्यांचे म्हणणे असे की, बाबासाहेबांनी सार्वजनिक तळ्यावर हक्क सांगितला आणि तुम्ही समाजाला आपापल्या अंगणात खासगी टाकी बांधायला सांगता, ही माघार नाही काय? पूर्वी गाव म्हणायचे, तुमची विहीर वेगळी. आता तुम्हीच म्हणणार, आमची टाकी वेगळी! आक्षेप वजनदार आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. वेगळा पाणवठा हा अस्पृश्यतेचा जुना मार्ग होता, यात शंका नाही. परंतु वेगळी विहीर आपल्यावर लादली गेली होती आणि तिच्या बदल्यात गावच्या विहिरीवरचा हक्क काढून घेतला गेला होता. इथे आपण काहीही बदल्यात देत नाही. आकाशातून पडणारे पाणी आपल्या छतावर पडते. ते साठवणारा माणूस नळावरचा हक्क सोडत नसतो, उलट त्या हक्कासाठी चार दिवस जास्त उभा राहू शकतो. संपावर जाणारा कामगार घरात दोन महिन्यांचे धान्य भरतो, त्याला कुणी माघार म्हणत नाही.

शिवाय आमच्या पश्चिम विदर्भात आणखी एक कारण आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. इथे विहीर खोदा की बोअर मारा, पाणी खारट लागते. ते उकळून उपयोग नाही. उकळल्याने जंतू मरतात, क्षार तसेच राहतात, उलट पाणी आटल्यामुळे किंचित दाटच होतात. तुरटीनेही क्षार जात नाहीत. संग्रामपूर, जळगाव जामोदकडून मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. ज्याच्या खिशात पैसा आहे तो जारचे पाणी विकत घेतो. शेतमजूर बाई काय करणार? तिकडे यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत भूजलात फ्लोराईड आहे, पोरांचे दात पिवळे पडतात, म्हाताऱ्यांची हाडे वाकतात. पावसाच्या पाण्यात ना मीठ, ना फ्लोराईड. ते नीट साठवले तर या भागात त्याच्याइतके गोड पाणी दुसरे नाही.

इथे सरकारी फलकावरच्या एका घोषणेबद्दल बोलले पाहिजे. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे आपण सगळे पाठ म्हणतो, आणि छतावरचे पाणी म्हटले की अधिकारी शोषखड्डा आणि विहीर पुनर्भरणाचा नकाशा पुढे करतात. इतरत्र ते योग्यच आहे. परंतु खारपाणपट्ट्यात जमिनीत सोडलेले गोड पाणी खाली जाऊन खाऱ्या पाण्यातच मिसळते, आणि ते पुन्हा प्यायला वर येईल याची खात्री नाही. पिण्याचे पाणी इथे जिरवायचे नाही, बंद टाकीत साठवायचे. जादा झालेले पाणी मग खुशाल जिरवा.

आता हिशेब. तो अगदी सोपा आहे आणि प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असला पाहिजे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. रमाई आवास असो वा पंतप्रधान आवास, घरकुल साधारण २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे. भिंतीबाहेरचा पत्रा वा स्लॅब धरला तर छत ३० चौरस मीटर धरू. वाईट वर्षातला ६०० मिलिमीटर पाऊस धरू, आणि त्यातले पाचवा हिस्सा पाणी उडून, सांडून, धुण्यात जाईल असे समजू. ३० गुणिले ६०० म्हणजे १८,०००. त्याचे ऐंशी टक्के १४,४०० लिटर. एवढे पाणी आज तुमच्या घरकुलाच्या वळचणीवरून नालीत जाते. पाच माणसांच्या कुटुंबाला निव्वळ पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी आठ लिटर, म्हणजे दिवसाला ४० लिटर धरा. पाच हजार लिटरची टाकी १२५ दिवस पुरते. १ फेब्रुवारीला तोटी उघडली तर पाणी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जाते. आंघोळ, धुणे, गुरे यांना हे पाणी लावले तर ते महिनाभरात संपेल, हे घरातल्या सगळ्यांना आधीच बजावून ठेवावे. विशेषतः मोटारसायकल धुणाऱ्या पोरांना.

टाकी कशाची घ्यावी? प्लॅस्टिकची तयार टाकी झटपट होते, हलवता येते, पण ती काळी किंवा जाड थरांची असावी. उजेड आत शिरला की शेवाळ धरते. विटा-सिमेंटची टाकी गवंडी बांधून देतो. माझी पसंती फेरोसिमेंटला आहे. कोंबडीची जाळी आणि बारीक सळ्यांच्या सांगाड्यावर सिमेंट-वाळूचा इंच-दीड इंचाचा लेप, असे हे काम. आतून सहा फूट व्यास आणि सव्वासहा फूट उंची ठेवली की पाच हजार लिटर होतात. आपल्या वस्त्यांत गवंडी, सेंट्रिंगवाले, सळ्या बांधणारे यांची कमतरता नाही. दुसऱ्यांचे बंगले बांधणारे हे हात आठ दिवसांत आपल्या वस्तीचे काम शिकतील. बुद्धाच्या थायलंडमध्ये १९८० च्या दशकात असेच घडले. तिथल्या कोरडवाहू ईशान्य भागात गावकऱ्यांनी सिमेंटचे मोठमोठे रांजण घरोघर बनवले आणि पावसाचे पाणी प्यायला सुरुवात केली. ती संख्या लाखांत गेली.

एक गोष्ट मात्र विसरू नका. पाच हजार लिटर पाणी म्हणजे पाच टन वजन. ती टाकी स्लॅबवर कधीही ठेवायची नाही, आणि घरकुलाच्या स्लॅबवर तर नाहीच, कारण त्या स्लॅबमध्ये सळई किती गेली हे ठेकेदारालाच ठाऊक. टाकी जमिनीवर, ओट्यावर हवी. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट ओटा बांधला तर दुसऱ्या वर्षी टाकीला तडा जातो. म्हणून काळी माती तीन-चार फूट काढून तिथे मुरूम भरावा, पाणी मारून चांगला ठोकावा आणि मग ओटा घ्यावा. ओटा दीड फूट उंच असला की तोटीखाली हंडा बसतो. तोटी टाकीच्या तळापासून वीतभर वर लावावी म्हणजे गाळ खाली राहतो. अगदी तळाला वेगळे वॉशआउटचे भोक ठेवावे.

पन्हाळीसाठी सहा इंची पीव्हीसी पाईप उभा चिरून दोन भाग केले तरी काम भागते. दहा फुटाला एक ते सव्वा इंच उतार द्यावा. टाकीच्या तोंडापाशी जाड गिट्टी, बारीक गिट्टी, धुतलेली रेती असे थर दिलेला गाळणीचा ड्रम ठेवावा. गाळणीने पालापाचोळा आणि गाळ अडतो, जंतू अडत नाहीत, हे लक्षात असू द्या. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पहिले पाणी टाकीत जाऊ द्यायचे नाही. उन्हाळाभर पत्र्यावर धूळ, कबुतरांची विष्ठा, वाळलेली पाने साचतात. त्यासाठी खाली उतरणाऱ्या पाईपला एक फाटा काढून त्याला झाकण लावावे. मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस पूर्ण बाहेर सोडावेत, आणि नंतरही पावसाने उघडीप दिली की दरवेळी पहिली पंधरा-वीस मिनिटे. कपाशीच्या पट्ट्यात एक जादा काळजी हवी. फवारणीच्या दिवसांत औषधाचे तुषार वाऱ्याने छतावर येतात. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीतून शेतमजुरांचे जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. आसपास फवारणी झाली असेल तर पुढच्या पावसाचे सुरुवातीचे पाणी जास्त वेळ बाहेर सोडा, आणि पंप, औषधाच्या बाटल्या, रिकाम्या थैल्या छतावर ठेवूच नका. जुने, भुगा सुटणारे सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांवरचे पाणी पिण्यासाठी धरू नये.

नवी सिमेंटची टाकी निदान आठ-दहा दिवस ओली ठेवून पक्की करावी आणि एकदा भरून ते पाणी सांडून द्यावे. टाकीला घट्ट झाकण, झाकणाला कुलूप, प्रत्येक उघड्या तोंडाला बारीक जाळी. जाळी नसेल तर ही टाकी डेंग्यूच्या डासांचा कारखाना होते, आणि मग आरोग्य सेवक आपल्याच वस्तीकडे बोट दाखवतील. टाकीत तांब्या, बादली बुडवायची नाही, पाणी तोटीनेच घ्यायचे. (आपल्याला हजारो वर्षे पाण्याला हात लावू दिला नाही, आणि आता मीच सांगतो आहे की हात लावू नका! पण हा नियम जंतूंसाठी आहे आणि तो घरमालकालाही लागू आहे.) ग्रामपंचायत जी टीसीएल पावडर वापरते तीच इथे चालते. हजार लिटरला पाच ग्रॅम या मानाने पावडर बादलीत कालवून, निवळी टाकीत ओतून तासभर थांबावे. पावडर उघडी राहिली की तिचा जोर जातो, म्हणून ती ताजी हवी. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी चाचणी करून घ्यावी, पाणी फिकट पिवळे झाले की समजावे औषध पुरेसे आहे. लहान बाळासाठी आणि आजारी माणसासाठी पाणी उकळूनच द्यावे.

देखभालीचे म्हणाल तर आपल्या धम्माचे कॅलेंडरच कामाला येते. वैशाख पौर्णिमेला आपण घराला रंगरंगोटी करतो, विहार धुतो. त्याच दिवशी टाकीतले उरलेले पाणी हंड्यांत काढून टाकी आतून घासायची, पत्रा झाडायचा, पन्हाळीचे जोड तपासायचे, गाळणीतली रेती धुवायची. आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास. या तीन महिन्यांत दर रविवारी वंदनेला जाण्याआधी गाळणीचे तोंड आणि जाळी पाहायची. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, तोवर पाऊसही ओसरलेला असतो. तेव्हा टीसीएल टाकून पाईपचे तोंड बंद करायचे, कुलूप लावायचे. नागपूरला दीक्षाभूमीवर जायच्या गडबडीत हे राहून जाते, म्हणून निघण्याआधीच करावे. झाकण लावल्यावर फेब्रुवारीपर्यंत ते उघडायचे नाही. ओव्हरफ्लोचे पाणी घराच्या पायापाशी सांडू देऊ नये, काळ्या मातीत त्याने भिंत खचते. ते दहा फूट लांब एखाद्या झाडाला न्यावे.

आता माझ्या धंद्यातल्या दोन गोष्टी. पहिली जागेची. आपली कितीतरी घरे गावठाणाबाहेर वा गायरानावर आहेत. घर नमुना ८ ला लागले असते, अंगणाचा मात्र कागद नसतो. अशा अंगणात पक्की टाकी बांधली की चार दिवसांत अतिक्रमणाची तक्रार जाते, आणि तक्रार करणारा स्वतः रस्त्यावर ओटा काढून बसलेला असतो. म्हणून आधी ग्रामपंचायतीकडून नमुना ८ चा उतारा काढा, मोजमाप तपासा. अंगणाची नोंद नसेल तर टाकी घराच्या जोत्याला लागून घ्या किंवा हलवता येईल अशी प्लॅस्टिकची घ्या. दुसरी गोष्ट शेजाऱ्याची. पागोळ्यांचे पाणी कुणाच्या अंगणात पडते यावरून भाऊ-भाऊ कोर्टात येतात, मनाई हुकूम मागतात, वर्षे घालवतात. पन्हाळ लावली की ते पाणी आपल्या टाकीत येते आणि भांडणाचे मूळच जाते. वकिलाचे नुकसान होईल, ते मी सोसायला तयार आहे.

पैशाचे काय? ज्याच्या घरी रोजचा चुलीचा प्रश्न आहे त्याला ‘टाकी बांध’ असा उपदेश करणे सोपे असते. म्हणून हे काम व्यक्तीवर सोडून चालणार नाही. २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतला निम्मा हिस्सा पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याचे संकलन आणि पुनर्वापर यासाठी राखून दिला होता. तो तुमच्या ग्रामपंचायतीत कुठे खर्च झाला? २००५ च्या माहिती अधिकाराखाली एक अर्ज टाका आणि पावत्या मागवा; त्यात वस्तीचे नाव किती वेळा येते ते मोजा. ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करणे’ ही योजना, जिला लोक अजून दलित वस्ती योजना म्हणतात, तिचा पैसा बहुतेक वेळा सिमेंट रस्त्यात जातो. रस्ता हवाच, पण त्याच त्या गल्लीत तिसऱ्यांदा काँक्रीट ओतण्यापेक्षा पाण्याची मागणी पुढे करता येते. ग्रामपंचायतीने मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा १५ टक्के निधी आहे, जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातला २० टक्के आहे. आणि मागताना काळजी घ्या, नुसत्या टाक्यांचे वाटप मागू नका. पुढाऱ्याच्या हस्ते काळ्या टाक्या वाटल्या जातात, पन्हाळ नाही, ओटा नाही, गाळणी नाही; सहा महिन्यांनी त्या टाक्यांत कुटार भरलेले असते. मागणीत पन्हाळ, गाळणी, ओटा, जाळी, तोटी यांचा स्वतंत्र उल्लेख असावा.

आणि समाजाने स्वतः काय करावे? विहारापासून सुरुवात करावी. चाळीस फूट बाय पंचवीस फुटांच्या विहाराचा स्लॅब म्हणजे हजार चौरस फूट, सुमारे ९३ चौरस मीटर. ७०० मिलिमीटर पावसात त्यावरून पन्नास हजार लिटरहून जास्त पाणी मिळते. आपण विहाराला कमान बांधतो, संगमरवर बसवतो, ध्वनिक्षेपक घेतो. विहाराचे पाणी मात्र पाईपने सरळ नालीत सोडतो, आणि जयंतीच्या दिवशी महाप्रसादासारख्या पंगती उठवायला टँकर विकत आणतो. विहारात दहा-वीस हजार लिटरची टाकी असेल तर बहिष्काराच्या दिवसांत अख्खी वस्ती तिच्यावर उभी राहते. तिची किल्ली मात्र एका पुढाऱ्याच्या खिशात नको, महिला मंडळाकडे असावी. पाणी त्याच भरतात.

१ मेची ग्रामसभा जवळ आली आहे. तिथे जाताना लेखी अर्ज न्या आणि पोच घ्या. अर्जात एक वाक्य जसेच्या तसे असू द्या: ‘सदर टाकी ही नळ पाणीपुरवठ्यास पूरक असून अर्जदारांचा सार्वजनिक नळ, विहीर व अन्य पाणवठ्यांवरील हक्क अबाधित आहे.’ हे वाक्य मी मुद्दाम सांगतो आहे. एका ठिकाणी टाक्या मंजूर करताना लाभार्थ्यांकडून छापील संमतीपत्रावर अंगठे घेतले गेले, आणि त्यात बारीक अक्षरात लिहिले होते की ‘पाण्याची स्वतंत्र सोय झाल्याने नळजोडणीची मागणी नाही’. असा कागद पुढे आला तर सही करू नका. टाकी नाकारली तर नाकारू द्या, नाकारल्याचे लेखी मागा आणि तो कागद जपून ठेवा.